माणदेशातलं कांदळवन

खोदलेली जमीन पुन्हा निसर्गाच्या स्वाधीन करणं हे प्रत्येक पिढीचं पवित्र कर्तव्य आहे. हे वाक्य मी चोविसाव्या वर्षी, एका खडी क्रशरच्या पत्र्याच्या ऑफिसात बसून, एकशे बारा पानी आराखड्याच्या पहिल्या पानावर घातलं. वाक्य माझं नव्हतं. उरलेली एकशे अकरा पानंही माझी नव्हती.

"ये पर्यावरण," नानांनी हाक मारली. "इकडं ये."

नाना म्हणजे हिंदुराव गलांडे, क्रशरचे मालक. प्रत्येक खाणीला एक पर्यावरण अधिकारी असलाच पाहिजे, असा कागद आल्यावर त्यांनी मला ठेवलं होतं. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. होतो आणि माझे वडील शाळेत नानांचे वर्गशिक्षक होते. यातलं दुसरं कारण त्यांना जास्त पटलं असावं. लेंभे हे माझं आडनाव त्यांच्या लक्षात राहत नसे आणि मला अधिकारी म्हणणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून पर्यावरण.

मार्चची अठरा तारीख होती. नाना हातभर लांब धरून एक पत्र वाचत होते.

"बावीसला साहेब येत्यात. बंद खाणीची पाहणी. त्यांचा शेरा चांगला आला तर लीज वाढणार, न्हाईतर एकतीसला संपलं. ही अट क्रमांक अकरा वाच जरा."

मी वाचली. 'बंद खाणीच्या काठावर कांदळवनाची किमान चारशे पन्नास रोपे लावून ती जगवल्याचे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आल्यासच नूतनीकरणाचा विचार करण्यात येईल.'

"कांदळवन म्हंजे काय?"

मला माहीत होतं, हीच पंचाईत होती. "समुद्राच्या खाडीत, खाऱ्या चिखलात वाढणारी झाडं असतात, नाना."

नानांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर ज्वारीची धसकटं होती, त्यापलीकडे आम्ही अर्धा खाल्लेला डोंगर. समुद्र पश्चिमेला होता. मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडला होता.

"मग हे आपल्याला का लावायला सांगत्यात?"

"आपणच लावतो म्हणालोय."

"आपण म्हंजे कोण?"

मी मान खाली घातली. नानांना तेवढ्यावरून समजलं.

झालं होतं ते असं. कॉलेजातला एक मित्र रत्नागिरीला कुठल्याशा जेट्टीचा आराखडा करत होता. त्याची फाइल मी मागवली. गावाचं नाव बदललं, गट नंबर बदलला, जेट्टीच्या जागी खाण घातली. त्रेसष्टाव्या पानावर मला झोप लागली. कांदळवन चौसष्टाव्या पानावर होतं. पुढे जिल्ह्याच्या कार्यालयाने आमचा आराखडा मंजूर केला आणि आमचीच वचनं आम्हाला अटी म्हणून परत पाठवली. त्रेसष्टाव्या पानावर तिथेही कुणाला तरी झोप लागली असणार.

"चूक झाली म्हणून अर्ज देऊ," मी म्हणालो. "दुरुस्ती करून घेऊ."

"दुरुस्ती म्हंजे नवं प्रकरण. नव्या प्रकरणाला नवी सुनावणी. पुढच्या दिवाळीला निकाल लागंल." नानांनी पत्राची घडी घातली. "लीज गेलं की क्रशर गेला. क्रशर गेला की चाळीस माणसं गेली. आन त्यातला पयला तू."

माझं प्रोबेशन एप्रिलमध्ये संपत होतं. घरी आईने चार ठिकाणी मुलगा कायम आहे असं सांगून टाकलं होतं. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती ती तिम्माण्णाची.

तिम्माण्णा धोत्रे हा आमचा मुकादम. चाळीस माणसांत तीस त्याच्या नात्यातली. दगड फोडत फोडत ही माणसं विजापूरकडून इथवर आली होती आणि काम संपलं की पालं उचलून पुढे जाणं हा त्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा क्रम होता. इथे मात्र अकरा वर्षं काम टिकलं. त्या जानेवारीत तिम्माण्णाने क्रशरमागच्या आपल्या झोपडीला एका बाजूने विटांची भिंत घातली. एकच भिंत. तिच्यावरून तो रोज हात फिरवून कामाला यायचा.

नानांनी त्याला बोलावून सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लिवताना बगितलं न्हाई व्हय, सायेब?"

"नाही."

"आमी सुरुंगाला भोक पाडताना बगतो," तो म्हणाला. रागावून नाही, माहिती म्हणून. मग नानांकडे वळला. "चिखलात जगणारं झाड पायजे ना, मालक? मग बेशरम लावा. ओढ्याला रान माजलंय. उपटून कुटं बी फेका, जगतंय. जनावर तोंड लावत न्हाई."

"कांदळवनासारखं दिसतं का ते?" नानांनी मला विचारलं.

"पानं हिरवी असतात," मी म्हणालो. इतकंच साम्य मला शोधता आलं.

दोन दिवस सगळं काम थांबवून चाळीस माणसांनी बेशरम लावलं. बंद खाण म्हणजे क्रशरच्या अलीकडचा मोठा खड्डा. त्यात बारा महिने पाणी असे. काठच्या चिखलात दोरी धरून मी चारशे पन्नास फांद्या रोवून घेतल्या. मग मला आठवलं की कांदळवनाची मुळं चिखलातून वर डोकावतात, श्वास घेण्यासाठी. नानांनी क्षणभर डोळे मिटले आणि गाडीभर तुरकाठ्या मागवल्या. त्या वीतभर तोडून, प्रत्येक झाडाभोवती सात-सात, आम्ही चिखलात उभ्या खोचल्या. बायका हसून हसून चिखलात बसल्या. मी एम.एस्सी.ला शिकलेलं सगळं त्या दोन दिवसांत वापरलं.

"पाणी खारं लागतं," मी म्हणालो. "मिठाची चार पोती टाकली तर—"

"न्हाई," तिम्माण्णा म्हणाला.

"फक्त पाहणीपुरतं."

"आमची म्हसरं पित्यात. बाया धुणं धुत्यात. मीठ पडायचं न्हाई."

नानांनी मान हलवली आणि पाणी गोडच राहिलं.

बावीस तारखेला साडेअकराला जीप आली. आम्हाला वाटलं होतं नेहमीसारखे साहेब येतील, काठावरून हात दाखवतील, फोटो निघेल. उतरले ते रेडकर साहेब. पन्नाशीचे, किडकिडीत, खांद्याला शबनम. नानांनी हार पुढे केला.

"तो झाडाला घाला," ते म्हणाले आणि थेट पाण्याकडे चालू लागले.

काठावर त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटात घातले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घोटाभर चिखलात उतरले. आमच्याकडे अधिकारी चिखलात उतरत नाहीत. नाना माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यो कुठला रं माणूस?"

रांगा मोजून झाल्यावर रेडकर एका रोपासमोर थांबले. दोन दिवसांत त्याला एक जांभळं फूल आलं होतं. फुलं तोडायची आमच्या लक्षात राहिली नव्हती.

"ह्या काय हा?" ते स्वतःशीच पुटपुटले. मग आमच्याकडे वळून शुद्ध मराठीत, "हे काय आहे?"

"कांदळवन, सर."

"जात?"

"तिवर, सर." मी पाठ करून ठेवलं होतं.

"तिवर." त्यांनी वाकून एक मूळ उपटलं. तुरकाठी सरळ वर आली. वरून कोयत्याचा तिरका छाट, खाली चिखलाचा गोळा. "आणि हे?"

"श्वसनमुळं, सर," मी म्हणालो. माझा श्वास मात्र अडकला होता.

"मेल्या, माझ्या घराच्या मागल्या दाराक तिवरां आसत!" आवाज एवढा चढला की पलीकडच्या म्हशींनी माना वर केल्या. "खेकडे धरूक आमी तिवरांत वाढलंव, आणि तू माका तिवरां दाखवतंस?"

"साहेब, पाण्याचा फरक पडतोय," नाना पुढे सरसावले. "तिकडची जात हिकडं आली की जरा..."

"बेशरम हाय, सायेब," तिम्माण्णा म्हणाला.

"कोण?" रेडकरांनी मान झटक्यात वळवली.

"झाड."

"नाव आहे ते त्याचं," मी घाईने सांगितलं.

रेडकर चिखलातून वर आले आणि एका धोंड्यावर बसले. शबनममधून आमचा आराखडा काढला. चौसष्टावं पान त्यांनी आधीच दुमडून ठेवलं होतं. म्हणजे त्यांना जागेवर येण्याआधीच कळलं होतं. आले होते ते आम्ही काय करून ठेवलंय ते बघायला.

"हा कोणी लिहिला?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"नाव?"

"लेंभे."

"लेंभे, समुद्र बघितलाय?"

"चौथीत सहलीला, सर. गणपतीपुळ्याला."

"बरं." त्यांनी आराखडा मिटला. "आता ऐका. इथे कांदळवन नाही असं मी लिहिलं, तर अट मोडली. लीज एकतीसला संपतं."

"मग आहे म्हणून लिवा की, साहेब," नाना म्हणाले. "चारशे पन्नास मोजून घ्या. एक बी मेलं न्हाई."

"आहे म्हणून लिहितो. मग कांदळवनाचा कायदा लागू होतो. कांदळवनापासून पन्नास मीटरच्या आत काही करता येत नाही. क्रशर किती लांब आहे?"

नानांनी तिम्माण्णाकडे पाहिलं. तिम्माण्णा पाण्याच्या काठापासून क्रशरच्या पट्ट्यापर्यंत चालत गेला आणि तिथून ओरडला, "एकतीस!"

"पावलं का मीटर?"

"माझं पाऊल मीटरचंच हाय, मालक!"

नानांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजे झाडं न्हाईत म्हणून लीज जातंय. आन झाडं हायत म्हणून क्रशर जातोय."

"बरोबर."

"मग आमी लावायचं तरी काय हुतं?"

"ते आराखड्यात लिहायचं होतं," रेडकर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

तिम्माण्णा परत येऊन उभा राहिला. त्याने डोक्याचा पटका सोडून तोंड पुसलं.

"सायेब, एकतीसला उठायचं आसंल तर आत्ताच सांगा. भिंतीच्या विटा काढायला चार दिस लागत्यात. मोडून काढल्या तर वाया जात्यात, एकेक सोडवून घ्यावी लागती."

"कसली भिंत?"

तिम्माण्णाने बोट दाखवलं. क्रशरमागे पाचट, पत्रे आणि जुन्या बॅनरच्या कापडांच्या झोपड्यांची रांग होती. त्यात एका झोपडीला एकच लाल भिंत होती, बाकी तीन बाजू तशाच. रेडकर बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग घड्याळ पाहून म्हणाले, "जेवून घेऊ."

नानांनी सकाळीच बोकड कापला होता. रेडकरांनी हात जोडले. "पाहणीच्या दिवशी मी खाणमालकाचं खात नाही. पाणीसुद्धा माझंच." शबनममधून त्यांनी स्टीलचा डबा काढला आणि बाभळीखाली बसून उघडला. भात आणि सुकटीची चटणी. वास क्रशरपर्यंत गेला. नानांना त्या वासाने मळमळलं असावं, पण ते शेजारी मांडी घालून बसले. मालकाने पाहुण्याला एकटं जेवू द्यायचं नाही, ही रीत त्यांनी मोडली नाही.

"गाव कुठलं म्हणायचं साहेबांचं?"

"रेडी. वेंगुर्ल्याच्या खाली."

"लई लांब. घरची मंडळी?"

"तिकडेच. आई एकटी असते."

"मग बदली मागायची की, साहेब."

"मागितली आहे."

"काय म्हणाले?"

"विचाराधीन आहे."

"किती दिवस झाले?"

"सहा वर्षं."

नानांनी सहानुभूतीने च् च् केलं. "नाकारली तर न्हाई ना? तेवढं बरं."

"नाकारली असती तर बरं झालं असतं," रेडकर भात कालवत म्हणाले. "अपील करता आलं असतं. मंजूर झाली असती तर मी गेलो असतो. विचाराधीन आहे, त्यामुळे मला काही करता येत नाही. बरं, माझं त्यांनाही काही करता येत नाही. दुसरीकडे कुठे हलवायचं म्हटलं, तरी आधीचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून फाइल परत येते. सहा वर्षांत तीन वेळा आली. या जिल्ह्यात माझ्याइतका पक्का बसलेला माणूस..."

ते थांबले. घास हातातच राहिला. समोर काठावर बेशरमाची पानं वाऱ्याने हलत होती.

त्यांनी घास डब्यात ठेवला, डबा मिटला, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने हात धुतला आणि शबनममधून पाहणीचा छापील फॉर्म काढला.

"लेंभे, एक फांदी आणा. फुलासकट. आणि झाकणाची बरणी."

बरणी नानांच्या जीपमध्ये सापडली. लोणचं संपत आलं होतं. उरलेल्या दोन फोडी नानांनी तिथेच तोंडात टाकल्या. मी फांदी आणली. रेडकरांनी ती आत बसवली, झाकणावर कागद डकवला, सही केली, तारीख टाकली. मग गुडघ्यावर फॉर्म ठेवून लिहायला लागले. त्यांचं अक्षर वळणदार होतं आणि ते प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर मोठ्याने वाचत होते.

"'बंद खाणीच्या काठावर चारशे पन्नास रोपे आढळली. पैकी चारशे पन्नास जिवंत.' मोजली मी मघाशी. 'रोपांच्या प्रजातीबाबत अर्जदार व स्थानिक रहिवासी यांच्यात मतभिन्नता दिसून आली.'"

"स्थानिक म्हंजे कोण?" नाना म्हणाले.

"हा." रेडकरांनी पेनाने तिम्माण्णाकडे दाखवलं. "तुमचं म्हणणं तिवर. याचं म्हणणं बेशरम."

"न्हाई न्हाई, साहेब, माझं बी म्हणणं..."

"नाना," मी त्यांचा हात दाबला. नोकरीत असताना त्यांच्या अंगाला हात लावायची ती माझी एकच वेळ.

"तुमचं म्हणणं तिवर," रेडकर पुन्हा म्हणाले, "असं मी ऐकलं. 'सबब नमुना सीलबंद करून प्रजाती निश्चितीसाठी तज्ज्ञांकडे पाठवण्यात येत आहे. अहवाल प्राप्त होईपर्यंत नूतनीकरणाचे प्रकरण विचाराधीन ठेवून जागेवर जैसे थे स्थिती कायम ठेवावी.'"

त्यांनी खाली सही केली.

"जैसे थे म्हंजे काय, साहेब?" नानांनी विचारलं.

"काल जे करत होता ते उद्या करायचं."

"एकतीस तारखेनंतर बी?"

"अहवाल येईपर्यंत. पंच म्हणून कोण सही करतं?"

तिम्माण्णा पुढे झाला. त्याने पेन पहारीसारखं मुठीत धरलं आणि आपलं नाव अक्षर-अक्षर सुटं काढलं. मग कागदाकडे बघत म्हणाला, "म्हंजे विटा काढायच्या का न्हाई?"

"नका काढू."

"आन अहवाल कदी यायचा?"

रेडकर धोंड्यावर बसून मोजे चढवत होते. "ते माझ्या हातात नाही," ते म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. जीपमध्ये बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही शाबासकी देतील.

"लेंभे, पुढच्या वेळी लिहाल ते वाचत जा."

"हो, सर."

"आणि ती मुळं काढून टाका. येणारा-जाणारा माणूस बघतो."

जूनमध्ये नानांनी मला कायम केलं. पत्र देताना म्हणाले, "कायम करू का विचाराधीन ठेवू?" आणि स्वतःच इतके हसले की चहा सांडला. पावसाळ्यात बेशरमाने सगळा काठ व्यापला. तिम्माण्णाने पुढच्या वर्षी दुसरी भिंत घातली, मग तिसरी. त्याच्या माणसांची नावं मतदार यादीत लागली, रेशन कार्डं झाली, नंतर पोस्टमनही तिकडे जायला लागला. रेडकरांची बदली झाली नाही. ते तिथूनच निवृत्त होऊन रेडीला गेले, आई गेल्यानंतर दोन वर्षांनी.

चार वर्षांनी मी ती नोकरी सोडून पुण्याला आलो. इथे दुसऱ्यांचे आराखडे तपासतो. चौसष्टावं पान आधी काढतो.

तज्ज्ञांचा अहवाल नवव्या वर्षी आला. नानांनी मला फोनवर वाचून दाखवला. लोणच्याच्या तेलामुळे नमुना ओळखण्याच्या स्थितीत नसून अर्जदाराने नवा नमुना सादर करावा, असं त्यात म्हटलं होतं.

"पाठवायचा का रं, पर्यावरण?"

"पाठवून काय करणार, नाना?"

"व्हय, ते बी खरंच," नाना म्हणाले.

क्रशर आधीच्या दिवाळीत बंद झाला होता. दगड संपला होता.